नुसती तात चढवून ब्राम्स जुना होत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही जुन्या वाद्यांवर वाजवलेल्या रोमँटिक चेंबर म्युझिकच्या (एकोणिसाव्या शतकातलं, मोजक्या वाद्यांसाठी लिहिलेलं संगीत) रेकॉर्डिंगवर लेख छापलात. मराठी पेपरात शूबर्ट आणि ब्राम्सला अर्धं पान मिळणं हेच अप्रूप, त्यामुळे आधी मनापासून थँक्यू, आणि तो लेख वाचून आमच्या ओळखीतल्या दोघातिघांनी पहिल्यांदाच मेंडेल्सनचा ऑक्टेट, म्हणजे आठ वाद्यांचा तुकडा, लावून ऐकला हेही सांगून टाकतो. पण त्यात एक वाक्य आहे ते काही केल्या पचत नाहीये. ही रेकॉर्डिंग ऐकताना हे संगीतकार त्यांच्या काळात वाजायचे अगदी तसेच कानावर येतात असं लेखकानं ठोकून दिलंय. अहो नाही येत. का नाही येत ते सांगायला हे पत्र, जरा लांबणार आहे, कात्री तुमच्या हातात आहेच.

आधी लेखकाच्या बाजूचं बोलून घेतो. एकोणिसाव्या शतकात व्हायोलिनच्या वरच्या तिन्ही तारा साध्या आतड्याच्या असायच्या, म्हणजे आपल्याकडे सारंगीला लावतात ती तात, आणि फक्त खालच्या जी तारेवर चांदीची नाहीतर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असायची. स्टीलची ई तार सर्रास झाली ती पहिल्या महायुद्धाच्या आसपास, आणि ब्राम्स तर 1897 लाच गेला, म्हणजे त्यानं आयुष्यात ऐकलेलं जवळपास सगळं व्हायोलिन तातीवरचं. हे सगळं खरं. तातीचा आवाज वेगळा असतो हेही खरं, गज टेकताना आधी किंचित खरखर होते मग सूर पकडतो, स्टीलसारखी चकाकी नसते पण दाणा असतो, आणि चार-पाच वाद्यं एकत्र वाजायला लागली की ह्या दाण्याचा फार उपयोग होतो कारण मधली व्हायोला (व्हायोलिनची थोडी मोठी बहीण) आणि दुसरं व्हायोलिन वेगवेगळे कळतात, सगळ्याचा मिळून एक जाडसर गोळा होत नाही. पट्टीसुद्धा जरा खाली असते. फ्रान्सनं 1859 मध्ये ए साठी सेकंदाला 435 कंपनं ठरवली, 1885 मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेनं तीच उचलली, आजची 440 ही 1939 ची. (मुंबईच्या पावसाळ्यात असल्या तारा लावून कुणी कार्यक्रम करायचा म्हटला तर काय होईल ते सारंगीवाल्यांना विचारा, निम्मा वेळ खुंट्या पिळण्यात जाईल.)

गजाचं मात्र लेखात जे लिहिलंय ते बाखच्या वेळचं, म्हणजे ब्राम्सच्या शंभरावर वर्षं आधीचं, ऐकलेलं ब्राम्सला चिकटवल्यासारखं वाटलं. फ्रांस्वा तूर्त नावाच्या कारागिरानं अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये जो गज घडवला तोच थोड्याफार फरकानं आजही सगळे वापरतात, त्यामुळे रोमँटिक संगीतासाठी "जुना गज" म्हणजे फार काही वेगळी चीज नाही. हनुवटी टेकायची पट्टीसुद्धा जर्मन व्हायोलिनवादक श्पोरनं 1820 च्या सुमारास आणलेली. सांगायचं काय तर वाद्याच्या बाबतीत ब्राम्सच्या आणि आपल्या मधलं अंतर बाखच्या मानानं कमीच आहे, तारा सोडल्या तर. मग खरा फरक कुठे होता? वाजवण्यात होता. आणि नेमका तोच ह्या रेकॉर्डिंगमध्ये बहुतेक ठिकाणी सापडत नाही, हे माझं म्हणणं.

आता एकेक रेकॉर्डिंग घेऊ. शूबर्टचा सी मेजर क्विंटेट (पाच वाद्यांचा तुकडा), दोन चेलोवाला (चेलो म्हणजे मोठं, खालच्या सुरांचं वाद्य), 1828 मध्ये म्हणजे मरायच्या आधी थोडेच दिवस लिहिलेला, शूबर्टनं तो कधी ऐकलाच नाही कारण पहिला जाहीर कार्यक्रम व्हायला 1850 उजाडलं आणि छापून यायला 1853. जुन्या वाद्यांवर ह्याचं रेकॉर्डिंग म्हटलं की लार्किबुदेल्ली ह्या ताफ्याचंच नाव आधी येतं, ॲनर बिल्स्मा आणि केनेथ स्लोविक चेलोवर, पहिलं व्हायोलिन व्हेरा बेथ्स. दुसरी मूव्हमेंट (भाग), अदाजिओ म्हणजे संथ, हेडफोन लावून ऐका. मधली तीन वाद्यं, दुसरं व्हायोलिन, व्हायोला आणि पहिला चेलो, इतके लांब सूर धरून बसतात की काळ थांबलाय की काय असं वाटावं, वर पहिलं व्हायोलिन दोन-चार शब्द बोलल्यासारखं तुटक बोलतं आणि खाली दुसरा चेलो बोटानं तार छेडत राहतो. स्टीलच्या तारेवर ही छेड घुमते, लांबत जाते, हॉलभर पसरते. तातीवर ती लगेच विझते, कोरडी, ठप्प, आणि तिच्यानंतर जी पोकळी राहते त्या पोकळीत ते मधले तीन सूर उघडे पडतात. व्हायब्रेटो, म्हणजे बोट हलवून सुराला दिलेली थरथर, जवळजवळ नसल्यामुळे त्यांना लपायला जागाच नाही, सूर एक केसभर जरी हलला असता तरी कळलं असतं, आणि तो हलत नाही. मग मधला एफ मायनरचा भाग सुरू होतो आणि तिथे तातीची खरखर अशी काही अंगावर येते की आधीची शांतता खोटी होती असं वाटायला लागतं. इथे जुन्या तारांनी खरंच काहीतरी दिलंय, मी नाही म्हणतच नाहीये.

आता ह्याच्या शेजारी 1952 चं फ्रान्समधल्या प्राद गावचं रेकॉर्डिंग लावा, स्टर्न, श्नायडर, केटिम्स, कासाल्स आणि तोर्तलिए. पूर्ण आधुनिक वाजवणं, व्हायब्रेटो भरपूर, कुठे कुठे सूरही डगमगतो. पण कासाल्स चेलोवर एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली वाट ऐकू देतो, नुसतं इथून उचललं तिथे ठेवलं असं करत नाही. कासाल्सचा जन्म 1876 चा, म्हणजे ब्राम्स हयात असताना तो चेलो शिकला. गंमत बघा, "जुन्या" रेकॉर्डिंगमधल्या बिल्स्मापेक्षा "आधुनिक" रेकॉर्डिंगमधला कासाल्स ह्या एका बाबतीत शूबर्टच्या शतकाच्या जास्त जवळ आहे. बिल्स्मा काही लहान माणूस नव्हे, आम्सटरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊ ऑर्केस्ट्राचा तो मुख्य चेलोवादक होता साठच्या दशकात, त्याला दोन्ही जगं माहीत होती. म्हणजे तो चुकला असं मी म्हणत नाहीये, त्यानं निवड केली. पण ती निवड त्याची, शूबर्टच्या काळाची नव्हे.

मेंडेल्सनच्या ऑक्टेटचं लेखात कौतुक आलंय ते रास्तच. सोळाव्या वर्षी, 1825 मध्ये, आपला व्हायोलिनचा मित्र एडुआर्ड रिट्झ याच्या वाढदिवसासाठी लिहिलेला. लार्किबुदेल्ली आणि स्मिथसोनियन चेंबर प्लेयर्स ह्यांनी मिळून केलेलं रेकॉर्डिंग (सोबत डेन्मार्कच्या गाडेचा ऑक्टेट आहे) ऐकताना शेवटची मूव्हमेंट बघा, खालचा चेलो एकटाच धावत सुटतो आणि मग एकेक करून आठही जण त्याच्यामागे. आधुनिक वाद्यांवर ही सुरुवात बऱ्याच वेळा नुसती गुरगुर होते, इथे मात्र एकेक नोट मोजून घ्यावी इतकी सुटी. स्कर्झो, म्हणजे खेळकर वेगवान मूव्हमेंट, तोसुद्धा हलका, मेंडेल्सननं तो शेवटपर्यंत दबक्या आवाजातच वाजवायला सांगितलाय. पण मेंडेल्सननं हेही लिहून ठेवलंय की हा तुकडा सिंफनीच्या ऑर्केस्ट्रासारखा वाजवा, हळू आणि जोरात यांतला फरक एरवीपेक्षा ठळक ठेवा. म्हणजे त्याला नाजूक काचेचं खेळणं नको होतं. ह्या बाबतीत एरोइका क्वार्टेटनं (क्वार्टेट म्हणजे चौघांचा ताफा, आणि चौघांसाठीच्या तुकड्यालाही तेच नाव) सोबती घेऊन केलेलं रेकॉर्डिंग मला जास्त आवडतं, त्यांनी छापील नाही तर 1825 ची मूळ आवृत्ती घेतलीय, मेंडेल्सननं छापायच्या आधी बरीच काटछाट केली होती ती होण्यापूर्वीची. काटछाट केली ते बरंच केलं असं ऐकून वाटतं, पण पोराचा जोर कळतो.

आणि आता लेखकाच्या सगळ्यात लाडक्या रेकॉर्डिंगकडे येतो, कियारोस्कुरो क्वार्टेटनं वाजवलेला शूबर्टचा डी मायनर क्वार्टेट, ज्याला डेथ अँड द मेडन म्हणतात. अलीना इब्रागिमोव्हा पहिल्या व्हायोलिनवर. चेलो सोडून बाकीचे उभे राहून वाजवतात. दुसरी मूव्हमेंट म्हणजे शूबर्टनं 1817 मध्ये लिहिलेल्या स्वतःच्याच गाण्यातला मृत्यूचा भाग, त्यावर व्हेरिएशन, म्हणजे तीच चाल वेगवेगळ्या रूपांत. ती थीम हे लोक जवळपास व्हायब्रेटोशिवाय, अगदी पांढऱ्या फटक आवाजात वाजवतात, आणि सांगतो, रात्री ऐकलं तर काटा येतो. फार मोठं वाजवणं आहे. मोझाइक क्वार्टेट, म्हणजे हार्नोनकूर्तच्या कॉन्सेंटस म्युझिकस ह्या जुन्या वाद्यांच्या ऑर्केस्ट्रामधून निघालेली मंडळी, त्यांनी वाजवलेला शूबर्टचा ए मायनर क्वार्टेट घ्या, दुसरं व्हायोलिन एकटंच सळसळत सुरू होतं, खाली व्हायोला आणि चेलो एक लांब सूर धरून शेवटी थरथरतात, आणि मग वरून ती साधी चाल उतरते. तातीवरची ती सळसळ एकदा ऐकली की दुसरी कुठली पटत नाही. हे सगळं मान्य, दोन्ही रेकॉर्डिंग मी लोकांना गळ घालून ऐकवतो.

पण.

1903 मध्ये बर्लिनमध्ये ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीनं व्हायोलिनवादक योझेफ योआखिमची पाच रेकॉर्ड काढली. तीच कंपनी, जिनं आदल्या वर्षी गाइसबर्गला कलकत्त्याला पाठवून गौहरजानचं गाणं तबकडीवर घेतलं. योआखिम म्हणजे कोण, तर पोरवयात मेंडेल्सनच्या हाताखाली वाढलेला, शूमनच्या घरात वावरलेला, ब्राम्सचा जिवलग, ब्राम्सचा पहिला सेक्सटेट (सहा वाद्यांचा तुकडा) 1860 मध्ये हॅनोव्हरला ज्यानं पहिल्यांदा वाजवला तो. ह्या माणसाचा आवाज आपल्याकडे आहे, खरखरीतून का होईना. त्यात ब्राम्सचे दोन हंगेरियन डान्स आहेत, बाखचे दोन तुकडे आहेत आणि त्याचा स्वतःचा रोमान्स आहे. ऐका. व्हायब्रेटो थोडा, अगदी थोडा, मोजक्या सुरांवर. इथपर्यंत आजचे जुन्या वाद्यांवाले बरोबर. पण एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जाताना योआखिम सरकतो, उघड उघड सरकतो, कान नसलेल्यालाही कळेल असा. आणि लय? ताल सरळ चालतच नाही, एखादी नोट ताणतो मग पुढच्या दोन उरकून टाकतो, लिहिलेल्या नोटेशनवर बोट ठेवून ऐकायला गेलं तर बोट भरकटतं. ह्या सरकण्याला पोर्टामेंटो म्हणतात. तो ब्राम्सच्या माणसांच्या हातात आहे आणि कियारोस्कुरोच्या शूबर्टमध्ये, मोझाइकच्या शूबर्टमध्ये, लार्किबुदेल्लीच्या ब्राम्समध्ये एवढा कमी आहे की शोधावा लागतो.

योआखिम तेव्हा 72 वर्षांचा होता, बोटं आखडली असतील, म्हातारपणाची लकब असेल, हा युक्तिवाद मी ऐकलाय. मग आर्नोल्ड रोझे घ्या. व्हिएन्नाच्या ऑर्केस्ट्राचा तो 1881 पासूनचा लीडर, महलरचा मेहुणा, आणि ब्राम्सचा शेवटचा स्ट्रिंग क्विंटेट, ओपस 111, 1890 मध्ये त्याच्याच क्वार्टेटनं पहिल्यांदा वाजवला. म्हणजे रोझेचं वाजवणं ब्राम्सला ठाऊक होतं. ह्याच रोझे क्वार्टेटनं 1927 च्या सुमारास बेथोव्हेनचे तीन क्वार्टेट रेकॉर्ड केले, त्यात सी शार्प मायनरचा, ओपस 131, आहे. त्याची सुरुवातीची संथ फ्यूग, जिथे एकच चाल एकामागून एक चौघे उचलतात, ऐकली की आधी कानाला चमत्कारिक लागते, व्हायब्रेटो जवळपास नाही आणि सरकणं मात्र जागोजाग, चौघांच्याही हातात. बोहेमियन क्वार्टेट घ्या, 1928 मध्ये त्यांनी ड्वोर्झाकचा अमेरिकन क्वार्टेट रेकॉर्ड केला, दुसऱ्या व्हायोलिनवर योझेफ सुक म्हणजे खुद्द ड्वोर्झाकचा जावई, तिथेही तेच. योआखिमची शिष्या मारी सोल्डाट, तिची थोडी रेकॉर्ड आहेत, तिथेही तेच. कार्ल क्लिंगलर योआखिमच्या क्वार्टेटमध्ये अगदी शेवटी व्हायोला वाजवायचा, त्याच्या स्वतःच्या क्वार्टेटची रेकॉर्ड आहेत. (हाच तो क्लिंगलर ज्यानं नाझींच्या दबावाखाली ज्यू चेलोवादकाला काढायला नकार दिला आणि क्वार्टेटच मोडून टाकला, वाजवण्याशी संबंध नाही पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.) बर्लिन, व्हिएन्ना, प्राग, वेगवेगळी गावं, वेगवेगळी वयं, वेगवेगळे गुरू, आणि सगळे सरकतात. ह्याला एका म्हाताऱ्याची लकब कसं म्हणणार?

हां, जुन्या तबकड्यांवरून सगळंच सिद्ध होतं असंही नाही. एका बाजूवर चार-साडेचार मिनिटं मावायची त्यामुळे त्यांच्या वेगावर मी तरी फार भरवसा ठेवत नाही, गडबडीत उरकलेलं असू शकतं. आणि 1927 म्हणजे काही 1860 नव्हे, मधे दोन पिढ्या गेल्या. पण लिहून ठेवलेलंही आहेच की. श्पोरनं 1832 मध्ये व्हायोलिन शिकवायचं जे पुस्तक काढलं त्यात व्हायब्रेटो म्हणजे कधीमधी घालायचा दागिना, त्याच्या वेगवेगळ्या तऱ्हा आणि प्रत्येकीला नागमोडी रेघेची खूण. योआखिमनं मोझरबरोबर 1905 मध्ये काढलेल्या पुस्तकातही सूर तोच. म्हणजे पुस्तकं आणि तबकड्या एकमेकांशी जुळतात, आणि जुळतात तर मग त्यातलं अर्धं घ्यायचं आणि अर्धं टाकायचं हे कशाच्या जोरावर?

मला ह्याचं कारण असं दिसतं. जुन्या वाद्यांची ही सगळी चळवळ बारोकपासून सुरू झाली, हार्नोनकूर्तनं 1953 मध्ये कॉन्सेंटस काढलं तेव्हा कुणी ब्राम्सचा विचार करत नव्हतं. बाख, मग हायडन, मोत्झार्ट, मग बेथोव्हेन, असं करत करत मंडळी पुढे सरकली आणि नव्वदच्या दशकात ब्राम्सपाशी पोचली, इंग्लिश कंडक्टर रॉजर नॉरिंग्टननं तर ब्राम्सच्या सिंफनी जुन्या वाद्यांवर केल्या. पण येताना बारोकचं सामान घेऊनच आली, म्हणजे स्वच्छ सूर, सरळ ताल, हलकं वजन, कमी व्हायब्रेटो. त्यातला व्हायब्रेटोचा मुद्दा ब्राम्सला योगायोगानं लागू पडला म्हणून तो ठेवला. पोर्टामेंटो आणि डोलणारी लय आजच्या कानाला गचाळ वाटते, जुन्या पिक्चरमधल्या रडक्या व्हायोलिनसारखी, म्हणून ती दारातच राहिली. अमेरिकेच्या रिचर्ड तारुस्किन ह्या संगीत-अभ्यासकानं हे फार आधी सांगितलंय की ज्याला ऑथेंटिक म्हणतात ती बऱ्याचदा विसाव्या शतकाचीच आवड असते, फक्त जुने कपडे घालून आलेली. चिडले लोक तेव्हा त्याच्यावर, पण रोमँटिक संगीतापुरतं तरी त्याचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

आपल्या वाचकांना हे सोपं करून सांगायचं तर असं बघा, उद्या कुणी पायपेटी आणली, कादरबक्षांच्या वळणाची सारंगी आणली, तबल्यावर थिरकवांचा बाज आणला, आणि बालगंधर्वांचं पद मात्र सरळ सपाट, नोटेशन वाचल्यासारखं म्हटलं, तर गंधर्वकालीन संगीत ऐकलं असं आपण म्हणू का? साथीदार गंधर्वांच्या काळातले आणि गायकी आत्ताची. बालगंधर्वांच्या तबकड्या घराघरात होत्या म्हणून आपल्याला हे लगेच कळतं. योआखिमच्या आणि रोझेच्या तबकड्या तिकडे असूनही कानाआड केल्या गेल्या.

आणि खरं म्हणजे मराठी कानाला हे सरकणं खटकायचं काही कारण नाही. गजाननबुवा जोशींचं व्हायोलिन, व्ही. जी. जोगांचं व्हायोलिन ऐकत ज्यांची उमर गेली त्यांना एका सुरातून दुसऱ्यात ओढत जाणं हेच व्हायोलिनचं खरं काम वाटतं. पण घाईघाईनं पोर्टामेंटो म्हणजे त्यांची मींड असं समीकरण मांडू नका हं, तुमच्या लेखकानं एका ओळीत ते मांडलंय. मींडेत वाटच महत्त्वाची, वाटेतले सूर रागाच्या हिशोबानं स्पर्शून जायचे असतात. पोर्टामेंटोत दोन टोकं महत्त्वाची, मधलं अंतर एका श्वासात जोडून घ्यायचं, आणि ते कुठे जोडायचं कुठे नाही हा वाजवणाऱ्याच्या रुचीचा भाग, सगळीकडे सरकलात तर त्या काळातही लोक नावं ठेवायचे. तरीही आपला कान ह्या गोष्टीला तयार आहे एवढं नक्की, लंडनमधला एखादा समीक्षक जिथे नाक मुरडेल तिथे आपण मान डोलावू.

मग कुणीच नीट केलं नाही का? केलंय. एरोइका क्वार्टेटचं नाव वर आलंच, पीटर हॅन्सन त्यांचा पहिला व्हायोलिनवादक, त्यांनी मेंडेल्सनचे आणि शूमनचे क्वार्टेट रेकॉर्ड केले ते त्या काळच्या बोटांच्या आणि गजाच्या खुणा बघून, मुद्दाम पोर्टामेंटो घेऊन. काही ठिकाणी ते अजून थोडं शिकून आल्यासारखं, बेतून केल्यासारखं वाटतं, रोझेच्या हातात ते जसं बोलण्यातल्या हेलासारखं सहज येतं तसं नाही. पण वाट बरोबर आहे. त्याहून पुढे गेलेत ऑस्ट्रेलियाचे आयर्नवुड. पियानोवर नील पेरेस द कोस्ता, त्यांनी ब्राम्सचा जी मायनर पियानो क्वार्टेट आणि एफ मायनर पियानो क्विंटेट केलाय (पियानो आला म्हणून नाराज होऊ नका, तारांच्या वाद्यांसाठीच ऐका). पियानोचे दोन हात एकत्र पडत नाहीत, कॉर्ड खालून वर उलगडत जातात, व्हायोलिन सरकतं, चेलो सरकतो, कुणी थोडा मागे राहतो कुणी पुढे जातो, लय समुद्रावरच्या होडीगत. पहिल्यांदा ऐकणारा दचकतो, माझ्या एका मित्रानं तर नेट गेलं की काय म्हणून फोन तपासला. तिसऱ्या मूव्हमेंटपर्यंत मात्र तोच म्हणाला की हे लोक एकमेकांशी बोलतायत, आणि मग क्वार्टेटचा तो हंगेरियन शेवट आला तेव्हा कुणी काही बोललंच नाही, सगळे पाय आपटत होते.

त्यामानानं लार्किबुदेल्लीचे ब्राम्सचे दोन्ही सेक्सटेट ऐका. सुंदर, मोकळे, हवेशीर. सहा जणांचा पोत असा सुटा की दोन व्हायोला आणि दोन चेलो काय करतात ते पहिल्यांदाच नीट कळतं, अमाडेउस क्वार्टेटच्या जुन्या रेकॉर्डिंगमधला तो तुपाळ आवाज इथे नाही आणि मला तो गेल्याचं दुःखही नाही. पण पहिल्या सेक्सटेटची सुरुवात, चेलोनं म्हटलेली ती लांब चाल, ती जिथे वर चढते तिथे योआखिमच्या काळचा चेलोवादक एकदा तरी सरकला असता अशी माझी खात्री आहे. इथे बोट उचललं, बोट ठेवलं. स्वच्छ. फार स्वच्छ.

तर तुमच्याकडे दोन-तीन मागण्या. एक म्हणजे ह्या विषयावर पुढे लेख येणार असतील, आणि यावेत अशी इच्छा आहे, तर प्रत्येक रेकॉर्डिंगच्या खाली तारा कुठल्या, पट्टी किती, छापील आवृत्ती की मूळ, आणि मुख्य म्हणजे पोर्टामेंटो आहे की नाही हे एका ओळीत द्या. ॲपवर ऐकणाऱ्यांना आजकाल आतली पुस्तिका मिळतच नाही, कव्हरवर "ओरिजिनल इन्स्ट्रुमेंट्स" एवढं वाचून माणूस समजतो की आपण 1860 सालात जाऊन बसलो. दुसरं, आधुनिक वाद्यांवरची जुनी रेकॉर्डिंग ह्या तुलनेतून वगळू नका. लेखकानं "ही आता संग्रहालयात" म्हणून कापे ह्या जुन्या फ्रेंच क्वार्टेटला एका शब्दात निकालात काढलंय. अहो, 1928 चा कापेचा डेथ अँड द मेडन आणि कियारोस्कुरोचा, हे दोन एकामागून एक वाचकांना ऐकायला सांगा की, तेवढ्यासाठी कुणाला काही विकत घ्यावं लागत नाही. कोण किती जुनं ते ज्याचं त्याला ठरवू दे. आणि "अगदी तसेच" वगैरे शब्द उपसंपादकांनी सरळ काढून टाकावेत, त्यानं कियारोस्कुरोचं काही बिघडत नाही, ती पोरं आत्ताची आहेत आणि आत्ताचं उत्तम वाजवतात.

शेवटची एक बारीक दुरुस्ती, ती तरी पुढच्या रविवारी छापा. लेखाच्या चौकटीत दोन चेलोवाल्या क्विंटेटला "ट्राउट" म्हटलंय. ट्राउट वेगळा, तो 1819 चा, ए मेजरमधला, त्यात पियानो आणि डबल बास आहे आणि चेलो एकच आहे.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली